आहाज राजाची खूण

दहिसरच्या गावठाणातल्या पोरांना ल्युसीबाईंनी वीस वर्षं धर्मशिक्षण दिलं, आणि स्वतः चुकल्या त्या अगदी पहिल्या धड्यात. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय?

झालं असं. पंचवीस मार्चला, देवदूताने मरियेला निरोप दिला त्या सणाच्या, चर्चमधल्या मिस्साला, यशया संदेष्ट्याचं वाचन बाईंच्या वाट्याला आलं. कुमारी गर्भवती होईल, तिला मुलगा होईल, तेच ते. वाचून घरी येतात तर सून आयव्ही मोरीत ओकत होती. लग्नाला सहा वर्षं झालेली, घरात पाळणा नाही. बाईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. सुनेच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "आज वाचलं ते तुझ्यासाठीच होतं गं. देवाचा शब्द आहे. मुलगा होणार, काही वाकडं होणार नाही."

आयव्हीने ते मनाशी घट्ट धरलं. डॉक्टरीणबाई रक्तदाब वाढलाय म्हणाल्या तरी ती हसायची. देवाने सांगितलंय म्हणजे झालं.

जुलैत, सातव्या महिन्यात, मूल पोटातच गेलं. मुलगाच होता.

तेव्हापासून आयव्हीने चर्चची पायरी चढली नाही. जेवणाआधीची प्रार्थना सुरू झाली की उठून बाहेर जायची. तिचा नवरा मेलरॉय समजावून थकला. आणि ल्युसीबाई? त्या शेजारणींना सांगायच्या, पोरीची श्रद्धाच कच्ची. काय म्हणावं या बाईला!

नाताळाआधीचा शेवटचा रविवार आला. वाचन तेच आणि वाचणारीही तीच. सकाळी बाई ओट्यापाशी उभ्या राहून मोठ्याने वाचायचा सराव करत होत्या. खाली आयव्ही नाताळच्या नेवऱ्यांसाठी, म्हणजे करंज्यांसाठी, नारळ खोवत होती. वाचता वाचता बाई आहाज राजापाशी आल्या. शत्रू चालून आलेले, राजाची पाचावर धारण बसलेली, आणि देव त्याला म्हणतो, खूण माग.

हे पोरांना त्यांनी पहिल्याच धड्यात किती वेळा शिकवलं होतं. कुमारीला मुलगा होईल, ही खूण देवाने त्या घाबरलेल्या राजाच्या घराण्याला दिली. तो मुलगा म्हणजे येशू, सातशे वर्षांनी त्याच्या जन्मात ते वचन पुरं झालं, असं आपण मानतो. दहिसरच्या कुठल्या सुनेचं त्यात नाव नव्हतं. बाई वाचता वाचता थांबल्या.

"वाचा ना पुढे," आयव्ही मान वर न करता म्हणाली. "पुढे मुलगा होतो ना."

ल्युसीबाई तिच्याजवळ खाली बसल्या. "आयव्ही, ते तुझ्यासाठी नव्हतं. मला माहीत होतं गं. देवाने तुला कसलाच शब्द दिला नव्हता. मीच माझी हौस त्याच्या तोंडी घातली."

आयव्हीचा हात थांबला. आता ही रडेल, चार शिव्या तरी घालेल, असं बाईंना वाटलं. तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"म्हणजे देवाने मला फसवलं नाही," आयव्ही हळू म्हणाली.

"नाही गं बाय."

"पाच महिने मी त्याच्याशी बोलले नाही, आई. आणि तुमच्या हातचं रोज जेवले."

तिने हात धुतले, पायांत चपला सरकवल्या आणि ती एकटीच चर्चच्या वाटेला लागली. मागून हाक मारायची ल्युसीबाईंची छाती झाली नाही.