शिक्का नसलेलं अंडं

आमच्या गावात एकही कोंबडा नाही, असं आमच्या मुहतारने कंपनीला लिहून दिलंय. मुहतार म्हणजे गावचा प्रमुख. कागद पुढे आला की त्याचा हात आपोआप सही करतो. देनिझलीच्या डोंगरातलं गाव, आणि कोंबडा नाही! अख्ख्या मुलखात आमच्या कोंबड्याची ओळख त्याच्या बांगेवरून. एकदा आरवायला लागला की ऐकणाऱ्याचा श्वास संपतो, त्याचा संपत नाही. शहरातल्या चौकात त्याचा पुतळा उभा केलाय. पुतळा सगळ्यांना चालतो, कारण तो आरवत नाही.

कंपनीचा नियम सोपा आहे. ज्याच्याकडे ब्रॉयलरचं शेड, त्याच्या घरी दुसरा पक्षी नको. सापडला तर पुढच्या बॅचची पिल्लं येणार नाहीत. आणि पिल्लं आली नाहीत तर आमच्याकडे काय उरतं? तंबाखूची जमीन विकून आम्ही ते शेड बांधलंय. एवढा लांब पत्र्याचा बोगदा, त्यात माणसाने राहायचं की मेंढरांनी?

मला तो नियम मूर्खपणाचा वाटत नाही, हे आधीच सांगते. खालच्या खोऱ्यात कोंबड्यांचा ताप आला तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली माणसं शेडच्या शेड खड्ड्यात लोटताना मी पाहिलीत. जिवंत पक्षी होते त्यात. पण नियम आपल्याला पटणं वेगळं आणि सासूला पटवणं वेगळं.

माझी सासू दोंदू. तिच्याकडे चारपाच कोंबड्या आणि एक कोंबडा होता. काळा, मानेवर रुपेरी पिसं, डोळ्यांना जन्मजात काजळ. त्याचंही नाव तिने मुहतारच ठेवलेलं. "दोघंही छाती काढून चालतात," ती म्हणायची, "माझा निदान खरं बोलतो." सासरे मरताना घराबद्दल, जमिनीबद्दल, आमच्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कोंबड्याबद्दल बोलले. त्यांच्या आजोबांपासून एका बांगेचा वंश जपलेला. तो दोंदूच्या हाती आला, आणि दोंदूच्या हाती आलेली वस्तू सुटत नाही.

अंगणामागे जुन्या भट्टीची खोली आहे. पूर्वी गावातल्या बायका डोंगरावरून केकिक आणायच्या. ओव्याच्या वासाचं झुडूप, पण ओव्याहून तिखट. तांब्याच्या हंड्यात उकळून, वाफ गार करून, पाण्यावर तरंगणारं तेल चमच्याने काढायच्या. पोट दुखलं, दोन थेंब. दात दुखला, एक थेंब. आता झुडपं ट्रक भरून कारखान्यात जातात, तेल पिंपात भरलं जातं, आणि ते कंपनीच्या कोंबडीखाद्यात मिसळून आमच्याच गावात परत येतं. औषधं बंद, आता केकिकचं तेल, असं पाकिटावर छापून कोंबडी दुप्पट ऐटीत विकली जाते. आमच्या डोंगराचं तेल, आमच्या शेडमध्ये, पण आमच्या अंगणातल्या कोंबडीने ते चोचीला लावायचं नाही.

तर त्या भट्टीच्या खोलीत दोंदूचा मुहतार राहायचा. रात्री आणि पहाटे त्याला ठेंगण्या पेटीत कोंडायचं. मान ताणता आली नाही की कोंबड्याला आरवता येत नाही. दिवसा शेडचे मोठे पंखे घरघरायला लागले की पेटी उघडायची. मग ओरड बाबा हवा तेवढा, पंख्यांपुढे कुणाला ऐकू जातंय. वर्षं अशी काढली आम्ही. मला झोप लागायची नाही. कुठे काही खरडलं की वाटायचं, सुटला. नवरा सेयफी म्हणायचा, "निगार, तू कोंबड्यापेक्षा लवकर उठतेस, आता फक्त आरवायची बाकी आहेस."

आता अंड्यांचं सांगते. कंपनीच्या डॉक्टरचं नाव तुंजाय. तरणा, तल्लख नाकाचा, शहरात वाढलेला. शेडमध्ये शिरताना दारातच हुंगून सांगायचा, अमोनिया वाढलाय, भुसा ओला आहे. गावात आला की दर खेपेला एकच मागणी, हसत हसत: "गावरान अंडं मिळेल का हो?" ही मस्करी होती की सापळा, कुणाला कळायचं नाही. म्हणून गावातल्या प्रत्येक घरात दुकानातल्या अंड्यांचा ट्रे दिसेल असा ठेवलेला असायचा, कवचावर शिक्का मारलेली अंडी. मी ती फोडायचे, डॉक्टरला वाढायचे, आणि दोंदू उठून बाहेर जायची. पाहुण्याच्या पानात शिक्क्याचं अंडं तिला बघवायचं नाही.

त्या बॅचला तिसरा आठवडा लागला होता आणि माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. पिल्लांची विष्ठा पातळ व्हायला लागली होती. मी शेडमध्ये घिरट्या घालायचे, भुशात हात घालायचे, मूठ वळायचे, सोडायचे. लाडवासारखा गोळा व्हायचा. डॉक्टर फोनवर म्हणाला होता, तेलाचं प्रमाण वाढवू. वाढवा. तेल पोटाला चांगलं, मी कुठे नाही म्हणते, मी त्याच्यावरच वाढलेय. पण जागा आहे त्याहून जास्त पिल्लं कोंबायची आणि वरून केकिक शिंपडायची, हे म्हणजे एका खोलीत वीस माणसं झोपवून उदबत्ती लावण्यासारखं.

सकाळी गारवा असतानाच डॉक्टर आला. वजनं करायची म्हणून आम्ही पंखे बंद ठेवलेले. वजनं झाली, भुसा बघितला, पिल्लाचं पोट दाबून बघितलं. पायातल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या आणि हात धुवायला घराकडे गेला. मी आणि सेयफी पाण्याची नळी दुरुस्त करत मागे राहिलो. तेवढाच काय तो वेळ.

घरात शिरले तर डॉक्टर पाटावर बसलेला, समोर छोट्या तव्यात लोण्यात तळलेली अंडी, बलक केशरी. दोंदू पाव तोडून त्याच्यापुढे ठेवत होती. शेल्फवरच्या ट्रेमधलं एकही अंडं कमी झालेलं नव्हतं.

"आई!" मी म्हटलं.

"काय आई? पोरगं अंधारात गाडी हाकत आलंय. उपाशी होतं."

डॉक्टरने पाव बलकात बुडवला, घास घेतला आणि चावता चावता थांबला. नाकपुड्या हलल्या.

"यात काय घातलंय?"

"लोणी, मीठ," दोंदू म्हणाली.

"केकिकचा वास येतोय."

"मी घातली," मी झटकन म्हटलं. "वरून चुरून. आमच्यात घालतात."

"बरं. आणि दालचिनी?"

कंपनीच्या तेलात केकिकबरोबर दालचिनीचंही तेल असतं. पोती उघडली की आधी तोच गोड वास येतो. मला इतकी सवय झालेली, की माझ्या नाकाला तो वास राहिलाच नव्हता.

"दालचिनीसुद्धा... चिमूटभर," मी म्हटलं.

"अंड्यात दालचिनी?" दोंदू भडकली. "माझ्या चुलीवर? डॉक्टर, हिचं ऐकू नका. ही घाबरली की काहीही बरळते. केकिक नाही आणि दालचिनीपण नाही. अंडं आहे ते. अंड्याला अंड्याचीच चव असते!"

"नसते, आजी," डॉक्टर हळू म्हणाला. "कोंबडीने जे खाल्लं त्याची असते. ही कोंबडी आमचं खाद्य खाते."

खाद्याच्या टाकीखाली सांडलेलं दोंदू रोज केरसुणीने गोळा करायची. वाया जाऊ नये म्हणून. मला माहीत होतं.

सेयफी दारात येऊन उभा राहिला. त्याला सांगावं लागलं नाही. तव्याकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली.

डॉक्टरने अंडी मात्र संपवली. तवा पावाने पुसून घेतला. मग म्हणाला, "मी काही बघितलेलं नाही. संध्याकाळपर्यंत जे काही मागे आहे ते संपवा. उद्या सकाळी मी परत येतो. तेव्हा मला बघावं लागेल. आणि दिसलं तर पिल्लं येणार नाहीत, माझ्या हातात राहणार नाही ते."

"संपवतो," सेयफी म्हणाला. "दुपारीच कापतो."

"कुणाला कापतोस रे?" दोंदू म्हणाली.

"आई, शेड जाईल."

"शेड तुझं आहे. कोंबडा माझ्या नवऱ्याचा आहे."

"अब्बा गेले आई! आम्ही आहोत अजून, आम्हाला जगू दे की!"

तिने ओढणी डोक्यावर नीट केली आणि उठली. मला वाटलं आता रडेल. माझी सासू, आणि रडेल! ती अंगणातून मागे गेली. भट्टीच्या खोलीचं दार करकरलं, मग पेटीची खिटी. मला ओरडून थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला होता. डॉक्टरचा, कारण तो वाईट माणूस नव्हता. सेयफीचा, कारण तो बरोबर होता. जे ओरडायचं ते एकदाचं कुणीतरी ओरडावं, असं झालं होतं.

मुहतार बाहेर आला. अंगणातल्या सरपणाच्या ढिगावर चढला. पंख फडफडवले, चवड्यांवर उठला, मान लांब केली आणि सुरू झाला.

पंखे बंद होते. डोंगरापर्यंत गेली बांग. चढत गेली, तिथेच थांबून राहिली, आणि आता तुटेल म्हणता म्हणता तुटली नाही. डॉक्टरचा हात चहाच्या पेल्यावर तसाच राहिला. सेयफीचे ओठ हलत होते. लहानपणी बापाबरोबर बांग मोजायचा तो, तसंच.

बांग संपली. आणि खालच्या आळीतून दुसरी आली.

गळा दाबल्यासारखी, अर्धवट, ठेंगण्या छपराखालून. पण बांग. मुहतारच्या, म्हणजे सही करणाऱ्या मुहतारच्या, कोळशाच्या तळघरातून. मग तिसरी इमामाच्या परसातून. मग वरच्या आळीतून दोन एकदम. एक तर बहुतेक पिंपात घातलेला होता, घुमत होता नुसता. ज्या बायका माझ्या तोंडावर "छे गं, आम्ही कुठे कोंबड्या पाळतो" म्हणायच्या, त्या सगळ्यांच्या घरांतून. सगळं गाव रात्री माझ्यासारखंच कान टवकारून पडत होतं तर!

दोंदू ढिगाशेजारी कमरेवर हात ठेवून उभी. "मोज डॉक्टर," ती म्हणाली. "कुणाकुणाची पिल्लं बंद करतोस? मुहतारपासून सुरुवात कर."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. पांढरा पडला होता. "आजी, तुम्हाला कळतंय का?" तो म्हणाला. "यातल्या एकाला जरी ताप असला ना, तर हे सगळं खोरं जाईल. खालचं गेलं तसं." तो बरोबर बोलत होता आणि ते मला माहीत होतं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, शेड गप्प आहे.

शेड कधी गप्प नसतं. हजारो पिल्लांची किलबिल भिंतीसारखी उभी असते, ती पडली तर समजायचं काहीतरी मेलं. मी धावले. दार उघडलं. सगळी पिल्लं जिवंत होती. सगळ्यांच्या माना वर. एकही चोच खाद्याच्या भांड्यात नव्हती. केकिकचा वास, गोड दालचिनीचा वास, आता येत होता मला, आणि ती सगळी तोंडं बांग आली त्या दिशेला. यातले निम्मे नर. सहा आठवड्यांनी त्यांना कापायला न्यायची गाडी येते. एकाही ब्रॉयलरला आरवायचं वय आलेलं मी पाहिलेलं नाही. हा आवाज त्यांचाच आहे, हे त्यांना कुणी सांगितलं असेल? मग पुढच्या एका पिल्लाने खाद्यात चोच मारली आणि हळूहळू किलबिल परत आली.

मी घराकडे आले तेव्हा डॉक्टर पायरीवर बसला होता आणि दोंदू त्याला दुसरा चहा ओतत होती.

"सगळ्या कोंबड्यांच्या घशातून नमुने घेणार," तो म्हणत होता. "प्रत्येक घरच्या. सगळ्यांवर छप्पर आणि जाळी. कोंबड्यांपाशी जाताना पायात घालायचे जोडे वेगळे, शेडमधले वेगळे. आमच्या खाद्याचा एक दाणा नाही. आणि एकाही पक्ष्यात काही निघालं, तर मी स्वतः खड्डा खणायला सांगेन."

"निघालं तर मीच खणीन," दोंदू म्हणाली. "पण पेटी नाही."

"पेटी नाही," तो म्हणाला. "वर कंपनीत मी काही बोलणार नाही. मी काही ऐकलेलं नाही."

"ऐकलंस की. ऐकलं म्हण."

"आजी..."

"माझं अंडं खाल्लंस. ऐकलं म्हण."

त्याने सरपणाच्या ढिगाकडे बघितलं. "ऐकलं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "खूप लांब होती."

"आज थंडी आहे. नाहीतर अजून लांब जाते."

नमुन्यांत काही निघालं नाही. त्या वेळी निघालं नाही, एवढंच मी म्हणेन. पुढची पिल्लं ठरल्या दिवशी आली, जरा विरळ. तेवढं डॉक्टरने भांडून घेतलं, भुसा आता मुठीत गोळा होत नाही. सही करणारा मुहतार महिनाभर आमच्या दारावरून मान खाली घालून गेला. दोंदूची अंडी आता अंड्यासारखी लागतात. डॉक्टर म्हणतो, मला त्या दिवसाचीच जास्त आवडली होती. त्यावर ती त्याला लाटणं दाखवते.

मला झोप अजून लागत नाही. गावात पहाटे आठदहा कोंबडे एकमेकांवर चढून आरवतात, आणि तेवढा वेळ शेड गप्प होतं. मी अंथरुणातून उठून शेडच्या दाराशी जाते, पत्र्यावर हात ठेवून उभी राहते, आणि आतून पहिली चोच भांड्यावर आपटेपर्यंत हलत नाही.