घर बघायला आलेली माणसं

इस्त्रीवालीचा थोरला मुलगा बायकोला घेऊन वेगळा झाला, त्याच वर्षी चर्चचे फादर वारले. वर्ष उलटायच्या आत त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती निघाली. फादरांनी उभा जन्म गरिबांसाठी झिजवला, तेव्हा गरिबाघरच्या एका मुलीला नर्सिंग शिकवायचं ठरलं. इस्त्रीवालीच्या धाकट्या लेकीला गुण चांगले होते. शिष्यवृत्तीच्या समितीने घर बघायचं तेवढं बाकी होतं.

इस्त्रीवालीने कंबर कसली.

फादर वर्षातून एकदा घरोघर आशीर्वाद द्यायला यायचे, तेव्हा सगळी गल्ली एकमेकांच्या वस्तू आणून घर सजवायची. देवाच्या माणसाला मोडक्या बाकावर कसं बसवायचं? गादीची खुर्ची गल्लीत एकच, शिंपीणमावशीची. फादर पुढच्या दाराने निघाले की खुर्ची मागच्या दाराने पुढच्या घरी पळायची. एकदा तिच्यावर बसत फादर म्हणाले, "ही बया आज मला तिसऱ्या घरात भेटतेय! पाय माझ्यापेक्षा चांगले आहेत हिचे." हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. पण निघताना ते पिठाचा डबा हळूच हलवून बघायचे. रिकामा वाजला, तर दुसऱ्या दिवशी पीठ यायचं.

आताही खुर्ची आली. कुणाचा पंखा, कुणाचे काचेचे कप आले. भिंतीला चुना लागला.

"आई, त्यांना गरिबाचं घर बघायचंय," धाकटी म्हणाली.

"म्हणून काय लक्तरं दाखवू? फादरांच्या नावाने येतायत ती माणसं. जनाची नाही, निदान मनाची तरी ठेव!"

समितीचे चिटणीस आले, बरोबर एक बाई. दोघं भली माणसं.

"छान टापटीप ठेवलंय हो घर," बाई म्हणाल्या. "पंखा नवा दिसतोय?"

"आहे आपला," इस्त्रीवाली म्हणाली. दारात सगळी गल्ली उभी होती.

"मोठा मुलगा कमावता आहे ना? घरी देतो काही?" चिटणिसांनी विचारलं.

थोरला गेल्यापासून फिरकला नव्हता. पण पोटच्या पोराची अब्रू चारचौघांत कोण उघडी टाकतं?

"देतो की. गुणाचा आहे."

चिटणिसांनी मान डोलावली, चहा संपवला. पिठाच्या डब्याकडे कुणी बघितलं नाही.

शिष्यवृत्ती पलीकडच्या वस्तीतल्या मुलीला मिळाली. तीही गरीबच होती. इस्त्रीवाली धावत चिटणिसांकडे गेली. "साहेब, खुर्ची उसनी होती. पंखासुद्धा. मुलगा छदामही देत नाही."

"ताई, निकाल लागल्यावर सगळे असंच म्हणतात हो," ते हळू आवाजात म्हणाले आणि तिला पाणी दिलं.

"तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?" शिंपीणमावशी कडाडली आणि मग स्वतःच डोळे पुसत बसली.

धाकटी आईच्याच लाँड्रीत कामाला लागली, आईच्या शेजारच्या टेबलावर. वाफेने हाताला फोड आले तरी तिने आईला बोल लावला नाही. एकदा तरी लाव, असं आईला वाटायचं. रुग्णालयाच्या चादरी आल्या की ती त्या लेकीच्या टेबलावर जाऊ द्यायची नाही, आपल्याकडे ओढून घ्यायची.

पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचा दुसरा समारंभ झाला, त्याच आठवड्यात इस्त्रीवाली न्यूमोनियाने वारली.