पुढच्या काचेवरचा वेताळ

"देवाला मागं नाय बसवायचं, काका. आणा इकडं," असं म्हणत जीपवाल्या प्रविणने अमृतभाऊंच्या मांडीवरचा वेताळ उचलला आणि जीपच्या पुढच्या काचेला टेकवून ठेवला. अगरबत्तीचं घर तिथेच होतं, त्यामुळे सोय झाली.

अमृतभाऊ मधल्या सीटवर चौथे होते, म्हणजे जवळजवळ अर्धेच. वेताळाचा मुखवटा प्लास्टिकचा होता, महिना एप्रिलचा होता, आणि डहाणूहून सकाळी कासाकडे निघालेल्या जीपला ऊन बरोबर समोरून लागतं. या तिन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या.

"प्रविण, त्याला जरा सावली असती तर..."

"काका, वेताळाला उन्हाचं काय? मसणात राहतो तो."

शेजारच्या बाईने हात जोडले. मागच्या दोघांनी टोप्या काढल्या. एवढं सगळं झाल्यावर देवाला उचलून मागे सुक्या बोंबलांच्या टोपलीशेजारी बसवा, असं म्हणण्याची अमृतभाऊंची छाती झाली नाही. त्यांनीही हात जोडले.

वास्तविक प्लास्टिक उन्हात ठेवू नका हा सल्ला अख्ख्या डहाणूत सर्वांत जास्त वेळा त्यांनीच दिलेला होता. एसटी डेपोतली कारकुनी संपल्यावर माणसं देवाकडे वळतात किंवा गुडघ्यांकडे. अमृतभाऊंनी जुना कॉम्प्युटर घेतला. मग प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत वस्तू बनवणारं एक यंत्र घेतलं. डहाणूतल्या मसोलीच्या घराची मागची खोली त्याने व्यापली. लोक मिक्सरची तुटलेली बटणं आणत, चिकू उतरवायच्या बेडणीचं मोडकं तोंड आणत. अमृतभाऊ वस्तू बनवून देत, आणि वर न मागता सल्ला देत. पहिला थर नीट चिकटला तर खुशाल झोपा. नाही चिकटला तर स्टूल घेऊन बसा. यंत्र चालू असताना पंखा बंद. कॉम्प्युटरचं झाकण अधूनमधून उघडा, आत पाल असेल तर आधी तिला बाहेर येऊ द्या. समुद्राची हवा तारेत शिरते, म्हणून तार भाजलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवा. या शेवटच्या सल्ल्यात एक त्रुटी होती. तो तांदूळ शिजवायचा नसतो, हे पत्नीला सांगायचं राहिलं होतं. भारतीबाईंनी त्याची खीर केली. चांगली झाली होती.

पण हा वेताळ त्या बटणांसारखा नव्हता. कासाच्या पुढे डोंगराखालच्या त्यांच्या गावात बोहाडा होतो. देवादानवांचे लाकडी मुखवटे लावून माणसं नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे ठरलेलं असतं. वेताळ त्यांच्या घरचा. तो मोठ्या भावाने, शुक्राने, मिसरूड फुटल्यापासून नाचवलेला. गेल्या वर्षी शुक्राची मान धरली आणि वेताळ निघाला नाही. एक वर्ष गाव चालवून घेतं. दुसऱ्या वर्षीही चुकलं, तर सोंग दुसऱ्या घरी जातं, म्हणजे शेजारच्या काकड्याच्या. शुक्राला मूलबाळ नाही. आणि अमृतभाऊंचे पाय तीस-पस्तीस वर्षं टेबलाखाली राहून स्वभावाने टेबलासारखेच झाले होते.

डॉक्टरांनी शुक्राला सांगितलं होतं, डोक्याला जड काही बांधू नका. लाकडी मुखवटा पाट्याएवढा जड. म्हणून अमृतभाऊंनी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कॉम्प्युटरवर आकार बसवला, तुकडे छापले, जोडले, रंगवले. दिवाळीपासून दुसरं काही केलं नव्हतं. झाला तोही हुबेहूब, आणि वजनाला सुपासारखा.

कासाला जीप थांबली. प्रविणने देव खाली उतरवला आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"काका, हा असाच होता?"

वेताळाच्या भुवया ओघळल्या होत्या. सुळे खाली झुकले होते. गाल जबड्यावर आले होते.

गावी, शुक्राच्या अंगणात जिवलीवहिनी सारवत होत्या. त्यांनी मुखवटा बघितला आणि हात तसाच राहिला. "भावजी, ह्याला कोन काय बोललं?"

काकड्या ओट्यावर हजर होताच. दोन महिने तो या घरी रोज शुक्राच्या मानेची चौकशी करायला येत होता. त्याने मान वाकडी करून नीट पाहिलं.

"हा वेताळ नाय, शुक्रा. हा वेताळाचा सासरा. पोरीला वाटं लावून आलाय."

शुक्रा हसला नाही. त्याने मुखवटा चेहऱ्याला लावून पाहिला. जबडा आकसला होता, तोंड आत जाईना. त्याने तो मांडीवर ठेवला.

"उन्हात ठेवलास?"

"प्रविणने देव म्हणून पुढं बसवला, दादा. मला नको म्हणता आलं नाय."

"बरोबर केलं त्याने," शुक्रा म्हणाला. मग काकड्याकडे न बघता, "उद्या सकाळी आमची पाळी. नाय जमलं तर घेऊन जा तू सोंग. तेल लावून ठेव, वाळवी लागते त्याला."

 काकड्याने तंबाखू मळली, आणि मळतच राहिला.

अमृतभाऊ उठले. "वहिनी, चुलीवर पाणी ठेवा. उकळू द्यायचं नाय, वाफ धरली की सांगा. दादा, लाकडाचा वेताळ काढ. उन्हाने नरम पडलं ते गरम पाण्यानेही पडेल. जुन्यावर ठेवून दाबलं की फिरेल परत."

"फुटला तर?"

"फुटला तर सासरा तरी जाईल."

लाकडी मुखवटा धरायला एक माणूस हवा होता. अंगणात काकड्याच होता.

"धर रे," शुक्रा म्हणाला.

"माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा," असं पुटपुटत काकड्याने तो दोन गुडघ्यांत घट्ट धरला. अमृतभाऊंनी फडक्याने गरम पाणी लावलं. प्लास्टिक मऊ झालं तसं शुक्राने बोटं चटके खात चालवली, गाल वर, भुवई वर, सुळा बाहेर. "जुन्याचा डावा गाल जरा जास्त वर हाय," काकड्या मधेच म्हणाला, आणि आपण कुणाच्या बाजूने बोललो हे लक्षात येऊन त्याने मान खाली घातली. वहिनी वरून गार पाणी ओतत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगताने जुना वेताळ पाटावर पुजला, त्याच्या कपाळाला नव्याचं कपाळ लावलं आणि म्हणाला, "झाला." शुक्राने मुखवटा बांधला आणि रिंगणात उतरला.

गावातला पोरगा दीपक संबळ वाजवत होता. वेताळाची चाल पूर्वीपासून एकच, धावती. पहिली फेरी शुक्राने मारली. दुसऱ्या फेरीत मुखवटा हलका होता पण पाय नव्हते. ठोका पुढे गेला, शुक्रा मागे राहिला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. अमृतभाऊ एक पाऊल पुढे आले आणि थांबले. नाचणाऱ्या देवाला हात देत नाहीत.

तेवढ्यात काकड्या गर्दीतून आला आणि त्याने दीपकच्या हातातून काठ्या काढून घेतल्या.

"लग्नाची वरात हाय काय रे? वेताळाला असा हाकायचा नसतो."

त्याने संबळ गळ्यात घातला आणि एक ठोका दिला. मग थांबला. शुक्राचं पाऊल उचललं गेलं, हवेत राहिलं, जमिनीला टेकलं. मग काकड्याने दुसरा ठोका दिला.

रिंगणाभोवतीच्या म्हाताऱ्यांनी ती चाल कधी ऐकली नव्हती. पण थोड्या वेळाने त्यांच्या माना तिच्यावर हलू लागल्या. अमृतभाऊंनी फोटोसाठी मोबाइल हातात घेतला होता, तो तसाच राहिला. काकड्याचे डोळे खाली शुक्राच्या पायांवर होते. पाऊल टेकलं की ठोका पडे. टेकलं नाही, तर काठी हवेत थांबून राही.