तीन रेघा, एक टोपी

रेघ पहिली. मोरफारची.

"चर्चचा मनोरा पांढऱ्या खडकावर उभा राहिलेला दिसला की नाक तिकडे कर आणि चालू लाग. बस्स."

मोरफार म्हणजे आईचे वडील. सुन्निवाचा आजोबा थोरलाइफ बोटीच्या टपाला पाठ लावून सुकी मासळी चघळत होता. सुकाणू सुन्निवाच्या हातात. समोर ट्रांगची खिंड: दोन बेटांमधली चिंचोळी खाडी, दोन्ही अंगांना खडक, मध्ये काळं पाणी.

शुक्रवारी परीक्षा होती. मुख्य किनाऱ्यावरून हेग्गेबाई येणार. बोटीवरचा वाट दाखवणारा जीपीएसचा पडदा झाकायचा, आणि कागदी नकाशा, होकायंत्र, डोळे एवढ्यावर बोट ट्रांगमधून न्यायची. तीही ओहोटीला, कारण बेटावर कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर ते भरतीची वाट बघत नाही. जमलं, तर डॉक्टरकडे माणसं नेणारी, दूध-पाव आणणारी बोट सुन्निवाकडे. नाही जमलं, तर ती परत बर्गन शहरात, दुकानातल्या गल्ल्यावर.

"भरतीला ठीक आहे," ती म्हणाली. "ओहोटीला?"

"ओहोटीला काय पाणी दुसरीकडे जातं?"

घरी येऊन तिनं ती रेघ नकाशावर ओढली. रेघ थेट बुडालेल्या खडकावरून गेली.

रेघ पहिली. पुन्हा.

"कमरेला काय आहे तुझ्या?" दुसऱ्या दिवशी बोटीत मोरफारनं विचारलं.

"सुरी."

"पोलादी सुरी लावून होकायंत्र बघतेस, आणि म्हातारा खोटा!"

तिनं सुरी काढली. जाकिटाची धातूची चेन नको म्हणून जाकीट काढलं. कुडकुडत पुन्हा कोन घेतला. रेघ पुन्हा खडकावर.

"मग नकाशा चुकलाय," मोरफार म्हणाला आणि कॉफी ओतू लागला. तिच्याकडे न बघता.

ते न बघणं तिच्या मनात काट्यासारखं राहिलं. या किनाऱ्यावर माशाची जागा विचारणं हा उद्धटपणा, आणि विचारलीच कुणी, तर खरी सांगणं हा वेडेपणा. लहानपणी मोरफार तिला मांडीवर घेऊन खोट्या जागा पाठ करून घ्यायचा, बाहेरच्यांना सांगायला. ती घडाघडा म्हणायची, आणि तो खूश होऊन तिला तपकिरी चीजचा तुकडा द्यायचा.

पण मासे वेगळे. वाट वेगळी. वाटेबद्दल कुणी खोटं बोलतं का? नातीशी?

नात आता बाहेरची झाली असेल तर?

रेघ दुसरी. एस्किलची.

एस्किल हा तिचा मित्र, पुढल्या वर्षी नवरा होईल असा. मोरफारच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या ताराल्डचा मुलगा. ओहोटीला ट्रांगमधून फक्त दोन घरांच्या होड्या जात: मोरफारची आणि ताराल्डची. दोन्ही घरं एकमेकांना रोज "गुड डाग", म्हणजे नमस्कार, म्हणत. त्यापलीकडे काही नाही.

"तुझा बाप ट्रांगमधून कसा जातो?"

"मासे पकडायला?"

"मासे गेले खड्ड्यात. जातो कसा?"

एस्किलनं वाफल तोंडात कोंबलं. चावायला फारच वेळ लावला. "लाल छप्पर आहे ना, शाळेचं? ते आणि टेकडीवरचा दगडांचा ढीग. एका रेषेत."

"नक्की?"

"सुन्निवा, मी तुला खोटं सांगेन?"

तिनं रेघ ओढली. ती दुसऱ्या बाजूच्या खडकावरून गेली.

"सांगितलंस," ती म्हणाली. "आत्ताच."

"तुझ्या आजोबानं विचारायला पाठवलंय ना तुला?"

"काय?"

"बाबा म्हणालेच होते. थोरलाइफची नात एक दिवस विचारणार म्हणून."

म्हणजे इकडे मोरफारला वाटतं ती ताराल्डला सांगेल. तिकडे ताराल्डला वाटतं ती मोरफारला सांगेल. आणि मधल्या मध्ये ती, शुक्रवारी, खडकावर.

रेघ तिसरी. नकाशाची.

नकाशात ट्रांगमध्ये खोलीचे मोजके आकडे, तेही जुने. मधला भाग कोराच. तिनं खडक चुकवून पेन्सिलनं एक रेघ ओढली, अंदाजानं. तीन रेघा एका बिंदूत मिळाल्या तर आपण कुठे आहोत ते कळतं. नाही मिळाल्या तर मध्ये त्रिकोण उरतो. इथले खलाशी त्याला टोपी म्हणतात. टोपी चिमुकली असेल तर काळजी नाही.

तिच्या टोपीत अख्खं गाव मावलं असतं.

टोपीच्या आत.

रविवारी इथे कुणी मासे पकडत नाही. देवाला चालत नाही, आणि देवाला चाललं तरी शेजाऱ्यांना चालत नाही. म्हणून सुन्निवा रविवारीच निघाली, वल्ह्याची होडी घेऊन, पाणी तळाला गेल्यावर. सगळे चर्चमध्ये. ज्या मनोऱ्यानं तिला फसवलं, त्याच्याच खाली बसून मोरफार भजनं म्हणत होता.

दोरीला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला चरबी. टाक, मोज, ओढ. चरबीला काय चिकटलं ते बघ. काही नाही, म्हणजे खडक. दोन वल्ही पुढे. पुन्हा खडक. बोटं बधिर झाली. मग एकदा दोरी सुटतच गेली, सुटतच गेली, आणि वर आली ती शिंपल्यांचा चुरा घेऊन.

वाट होती. अरुंद, वाकडी, पण ओहोटीलाही बोट सहज जाईल एवढी खोल. तिनं छोटा नांगर टाकला, कोन घेण्यापुरता. उचलताना तो अडकला. पाय रोवून ओढला, तेव्हा नांगराबरोबर तुटलेल्या गळांचा गुंता वर आला. शेवाळलेला, डोक्याएवढा.

तिनं तो मांडीवर घेतला.

त्यात आमिष म्हणून गळाला लावायचे कथलाचे मासे होते, लाल डोळ्यांचे. असे मासे जगात एकच माणूस ओततो. डोळ्यांना रंग म्हणून तो मोरमूरची, म्हणजे आजीची, नखांची लाली वापरायचा. आजी गेली तरी बाटली संपलेली नाही. आणि त्यांच्यात गुंतून, गळ्यात गळे घालून, ताराल्डचे आमिषाचे पितळी चमचे. त्यांवर ताराल्डच्या घराची खूण ठोकलेली.

सुन्निवा एकटीच होडीत हसली. मग हसणं थांबलं.

दोघांची माशाची जागा एकच होती. वाट तिच्यावरूनच जात होती. वाट सांगायची म्हणजे जागा सांगायची. गेली कितीतरी वर्षं दोघं पाळीपाळीनं इथे येत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला माहीत नाही.

आणि त्यासाठी मोरफारनं तिला खडकाची रेघ दिली. मासे राखायला.

तिनं गुंता पाण्यात सोडून दिला. मग खुणा शोधायला वळली. पुढे काहीच धड जुळेना. मागे वळून पाहिलं. मागे मोरफारच्या होडीघराचा कोपरा होता, आणि त्या कोपऱ्यावर बरोबर ताराल्डच्या झेंड्याची काठी उभी दिसत होती. हीच खूण.

शुक्रवार.

हेग्गेबाईंनी पडद्यावर स्वतःचा स्वेटर टाकला. बोटीत मोरफार होता, ताराल्ड होता, आणखी दोघं-चौघं उगाचच होते. परीक्षा बघायला म्हणे. मोरफार आणि ताराल्ड दोन टोकांना बसले आणि समोर न बघता सुन्निवाच्या डोळ्यांकडे बघत राहिले. ती कुठे बघते, त्यावरून ती काय जाणते ते कळणार होतं.

ट्रांगचं तोंड आलं. पाणी इतकं उतरलेलं की खडकांवरचं शेवाळ लोंबत होतं. मनोरा पांढऱ्या खडकाकडे सरकू लागला.

मोरफारनं तोंड उघडलं. "पोरी..."

सुन्निवानं तेवढ्यात सुकाणू फिरवलं. आणि खांद्यावरून मागे बघितलं.

मोरफारनं तोंड मिटलं.

"मागे काय बघतेस?" हेग्गेबाई म्हणाल्या.

"मागून कुणी येतंय का ते."

ती पुढे बघायची, मागे बघायची. काठी कोपऱ्यावर. काठी जराशी डावीकडे. पुन्हा कोपऱ्यावर. उजव्या अंगाला खडक इतका जवळून गेला की त्याच्यावरची कालवं दिसली. शिंपल्यांच्या जागेवरून बोट गेली तेव्हा ताराल्डनं मान वळवून पाण्यात पाहिलं. मोरफारनंही. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बराच वेळ.

धक्क्याला दोर बांधल्यावर हेग्गेबाईंनी पेन काढलं. "उत्तम. खूण कुठली धरली होतीस?"

धक्क्यावर कुणी हलेना.

"मोरफारची," सुन्निवा म्हणाली. "चर्चचा मनोरा आणि पांढरा खडक."

ताराल्डला खोकला आला. हेग्गेबाईंनी लिहून घेतलं.

संध्याकाळ.

मोरफारनं तिच्यासमोर कॉफी ठेवली. चीजचा जाड काप ठेवला.

"मी बोलणारच होतो," तो म्हणाला. "तिथे, तोंडाशी."

"उशीर केलास."

"हो." त्यानं कप फिरवला. "थोडा."

तिनं कॉफी ओढून घेतली. त्यानं अजून एक काप कापला.

"मग खरी खूण कुठली धरलीस?"

"चर्चचं दार आणि मेंढ्यांचा गोठा."

मोरफारनं मान डोलावली. चर्चचं दार समुद्रावरून दिसत नाही. आयुष्यात कधी दिसलेलं नाही. तो खिडकीबाहेर बघत हळूहळू चावत राहिला, आणि त्याच्या गालावर एक सुरकुती हलली. हसू होतं की राग, ते तिला ठरवता आलं नाही.

फोन वाजला. एस्किल होता.

"बाबा विचारतायत," तो म्हणाला. "म्हणजे, मीच विचारतोय. तू नक्की काय बघत होतीस मागे?"

"आधी तू सांग," सुन्निवा म्हणाली. "खरी."

पलीकडे कुणीतरी श्वास रोखून धरला होता. तो एकट्या एस्किलचा वाटत नव्हता.

ती ऐकत राहिली.