भागीरथीमावशींचा वशिला

"मावशी, आज साहेबांचं काय खरं नाय. मीटिंगवर मीटिंग आहे. तुम्ही उद्या या," अंकुशने सांगितलं. तोवर भागीरथीमावशी पंख्याखालची खुर्ची धरून बसल्यासुद्धा होत्या.

"उद्याला उद्याचं बगू. आज बसते मी."

अंकुश हसला. नेरूळमधल्या मंत्रिसाहेबांच्या संपर्क कार्यालयात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. सकाळी दिघ्याहून यायचं आणि साहेबांच्या केबिनबाहेरचं टेबल सांभाळायचं. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला चहावर बोळवायचं, हे त्याच्या हातात. साहेबांच्या कानाला लागायला येणारे त्याने ढिगाने पाहिले होते. बिल्डरांची माणसं, शाळावाले, टँकरवाले. कुणी आल्या आल्या पाया पडायचा, कुणी सुक्या मेव्याचा खोका गाडीत ठेवून जायचा, कुणी तर साहेबांच्या गुरुमहाराजांचा फोटो पाकिटात बाळगायचा आणि पाकीट मुद्दाम टेबलावर उघडं ठेवायचा. अंकुश या सगळ्यांना मनातल्या मनात मार्क द्यायचा, आणि मार्क देण्यात तो भलता कंजूष होता. पहिल्या वर्गात पास झालेल्या त्याच्या लेखी एकट्या भागीरथीमावशी.

मावशी सारसोळ्याच्या कोळीण. साहेबांच्या बंगल्यावर मासळी द्यायच्या, पण फुकट कधीच नाही. वहिनीसाहेबांशी घासाघीस करून पुरते पैसे घ्यायच्या. अंकुशला याचं मोठं नवल वाटायचं. मंत्र्याच्या घरी टोपली उतरवायची आणि वर भाव करायचा? त्याने एकदा विचारलंच.

"फुकट खाल्लेला मानूस तोंड चुकवतो, अंकुशदादा," मावशी म्हणाल्या होत्या. "इकत घेतलेला 'या, बसा' म्हनतो."

सुरुवातीला तर त्यांनी स्वतःसाठी काही मागितलंही नव्हतं. कुणाच्या सुनेचं रेशन कार्ड, कुणा म्हाताऱ्याची पेन्शन अशी दुसऱ्यांची कामं घेऊन यायच्या आणि झाली की सांगायला परत यायच्या. आभार मानायला परत येणारं माणूस त्या कार्यालयात दुर्मीळ. साहेबांच्याही ते ध्यानात राहिलं होतं. मग एके दिवशी मावशींनी धक्क्याची गोष्ट काढली.

गावचा जुना धक्का आखूड. भरतीला होड्या थेट लागायच्या, पण सुकती लागली, म्हणजे ओहोटी आली, की धक्क्यापुढे नुसता चिखल. मावशींचा नवरा हिराजी खाडीतून परतताना छातीत कळ येऊन होडीत आडवा झाला, तो सुकतीच्या वेळीच. होडी चिखलात रुतली. आणायला उतरलेली माणसं कमरेपर्यंत फसली आणि त्यांनाच ओढून काढावं लागलं. मावशी धक्क्यावर उभ्या होत्या. हिराजी दिसत होता, हात हलवताना दिसत होता. मागे टॉवरांचे दिवे लागले, ॲम्ब्युलन्स येऊन थांबली. भरती आली तेव्हा होडी आपसूक धक्क्याला लागली. तोवर सगळं संपलं होतं.

तेव्हापासून मावशींचं मागणं एकच, धक्का पार पाण्यापर्यंत न्या. गावाने बैठक घेऊन ठरवलं होतं, नव्या धक्क्याला हिराजीचं नाव द्यायचं. तो ठराव मावशींचा मुलगा मोरेश्वर याने स्वतः अंकुशच्या हातात आणून दिला होता.

आज मात्र अंकुशला मावशींच्या कामाची धास्ती वाटत होती. कारण केबिनमध्ये शौनक बसला होता. सहलीच्या बोटी चालवणाऱ्या एका कंपनीसाठी तो साहेबांकडे खेपा घालायचा. पोरगा गोड बोलायचा, कुणाला दुखवायचा नाही, दिल्लीपर्यंत ओळखी. त्याच्या कंपनीला पर्यटकांचा धक्का हवा होता आणि सरकारी निधी एकच होता. बाहेर आला तो खुशीत.

"काम झाल्यात जमा आहे, अंकुशजी. कोळ्यांच्या धक्क्याची डागडुजी होईल, बाकीचा निधी आपल्याकडे." मग त्याने मावशींकडे पाहून हात जोडले. त्या कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या मीटिंगची माणसं अजून यायची होती. त्याने दार लोटलं आणि म्हणाला, "मावशी, चला. लवकर आटपा."

साहेब अवघडले होते. "मावशी, धक्का दुरुस्त करून देतो. पण लांबवायचं यंदा जमेल असं दिसत नाही."

मावशींनी ना हिराजीचं नाव काढलं, ना डोळ्याला पदर लावला.

"साहेब, तुमचे बाबा मिठागरावर राबायचे. परतताना आमच्या सासऱ्यांच्या होडीत बसायचे. माना आठवतं, मी नवी नवरी व्हते. भाकरीचं फडकं कवा होडीत इसरले त दुसऱ्या दिसाला हसत यायचे."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. वडिलांची आठवण सांगणारं माणूस त्यांना बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं.

"धक्क्याला तुमच्या बाबांचंच नाव द्या," मावशी म्हणाल्या. "खाडीवर त्यांचा हक हाय. पन साहेब, अर्धा धक्का बांधून त्यावर नाव लावलंत, त लोक बोलतील, साहेबांनी बापाचं नाव चिखलात ठेवलं."

अंकुश दारातच थिजला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "अंकुश, शौनकला थांबायला सांग. आणि इंजिनिअरला फोन लाव."

शौनकला कळायचं ते कळलं. वाईट वाटलं, पण तो मोकळ्या मनाचा होता. मावशी जिना उतरताना तो मागून आला. "मावशी, मानलं तुम्हाला. आमच्या कंपनीसाठी काम करा ना. पगार चांगला देऊ."

मावशींनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. "तुमच्या कंपनीचं कोन मेलंय, बाला?"

तो जिन्यातच थांबला.

खाली फाटकाशी अंकुशने त्यांना गाठलं. त्याचा आवाज चिडका झाला होता. "मावशी, गावाचा ठराव आहे माझ्याकडे. हिराजीदादांचं नाव तुम्ही असं देऊन टाकलंत? मोरेश्वर काय म्हणेल?"

"बोलनार नाय माज्याशी," मावशी म्हणाल्या. एवढं बोलून त्या फाटकाच्या गजाला धरून उभ्या राहिल्या. "नाव असतं त माना बरं वाटलं असतं, दादा. लय बरं वाटलं असतं. पन नाव वाचायला तो येनार हाय का? सुकतीला घरी येनारे येतील."

मोरेश्वर खरंच बोलेनासा झाला. एकाच घरात राहून, ताटावरून मुकाट उठून जायचा. गावातही कुजबुज झाली, म्हातारीला मंत्र्याने गुंडाळलं म्हणून. मावशींनी कुणाला काही समजावलं नाही. धक्क्याचे खांब एकेक करत खाडीत पुढे गेले. उद्घाटनाचा दिवस ठरला तेव्हा त्यांनी अंकुशकडे फक्त एक गोष्ट मागितली. "कार्यक्रम सुकतीला ठेवा." अंकुशने साहेबांचा सगळा दौरा त्यासाठी फिरवला.

साहेबांचं भाषण झकास झालं. "एका रात्री बाबा स्वप्नात आले," ते म्हणाले, "आणि त्याच रात्री मी ठरवलं, धक्का पाण्यापर्यंत न्यायचाच!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अंकुशनेही टाळ्या वाजवल्या, पण त्याची नजर मावशींना शोधत होती. शालीसाठी त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि त्या काही दिसेनात.

मावशी धक्क्याच्या पार टोकाला उभ्या होत्या. अंकुश धावत गेला. दोन्ही बाजूंना ओला चिखल होता आणि टोकाशी मात्र पाणी होतं.

"मावशी, चला ना. साहेब शाल द्यायला थांबलेत."

"हितंच व्हता तो," पाण्याच्या थोडं अलीकडे, चिखलाकडे बोट दाखवून मावशी म्हणाल्या. मग खाडीकडे वळल्या. "साहेबांना सांगा, मावशी होडीची वाट बगते."

होडी येत होती. तिच्यात मोरेश्वर उभा होता. त्याने आईकडे पाहिलं, मग खालच्या चिखलाकडे, मग पुन्हा आईकडे. इतक्या महिन्यांत त्याने तिला हाक मारली नव्हती.

"आये," तो ओरडला, "दोर धर."

मावशींनी दोर झेलला. मागे मांडवात पुन्हा टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्या खाली बसल्या आणि सावकाश गाठ मारू लागल्या.