खुर्चीचा ठसा

ठकी झोपली की घर तिच्या आईच्या हाती यायचं, तेही फार तर पाऊण तास. त्या दुपारी तेवढ्या वेळात चार वर्षांपूर्वीचा एक दिवस शोधून काढायचा होता.

खाली कारखान्यात बाबा, म्हणजे ठकीचे आजोबा, सुतारकाम करायचे. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या केल्यावर त्यांनी स्वतःच्या डोक्यातून एकच वस्तू काढली होती: मुलाबरोबर वाढणारी खुर्ची. दोन्ही बाजूंना भोकांची रांग; मूल वाढलं की खुंट्या काढायच्या आणि बैठक एक घर खाली सरकवायची. एका बड्या फर्निचर कंपनीने हुबेहूब तशीच खुर्ची बाजारात आणली होती आणि आता वर बाबांनाच नोटीस धाडली होती, की तुम्ही आमची नक्कल करता, बनवणं थांबवा. चोराच्या उलट्या बोंबा! उत्तर आज पाचपर्यंत द्यायचं होतं.

त्यांची लेक, ठकीची आई, मात्र निर्धास्त होती. खुर्चीचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढून झालं, त्याच दिवशी तिने त्या फाइलचा ठसा ब्लॉकचेनवर टाकून ठेवला होता. ठसा म्हणजे फाइलवरून निघणारी चौसष्ट अक्षरांची ओळ. फाइल तीच, तर ठसा तोच. आणि ब्लॉकचेन म्हणजे जगभरच्या हजारो यंत्रांनी मिळून लिहिलेली वही. तिच्यातलं पान, म्हणजे ब्लॉक, एकदा भरलं की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. त्या ब्लॉकचा नंबर बाबांनी कारखान्याच्या भिंतीवर पेन्सिलीने टिपून ठेवला होता, दाराचं माप टिपावं तसा.

"सापडलं का गं तुझं पान?" बाबा जिन्यातून डोकावले. भुवयांवर भुस्सा.

"हळू बोला ना. ही उठली तर पान राहील बाजूला."

"बरं बाई. वकीलबाईंचे दोन फोन येऊन गेले, म्हणून आपलं विचारलं."

ब्लॉकमधली माहिती मागायला एपीआय नावाचं एक दार असतं. आपल्या प्रोग्रामने तिथे नेमक्या शब्दांत हाक मारायची आणि नंबर सांगायचा. तिने चार ओळी लिहिल्या, नंबर घातला, आणि पापणी लवायच्या आत उत्तर आलं: ब्लॉकची वेळ, मागच्या ब्लॉकचा ठसा, मग नोंदींची ही लांबलचक यादी. त्या यादीत तिची नोंद होती. मंगळवार, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटं. कंपनीची खुर्ची त्यानंतर दोन वर्षांनी आलेली. तिचा जीव भांड्यात पडला.

आता फक्त ड्रॉइंगच्या फाइलचा ठसा काढून शेजारी ठेवायचा. तिने काढला. पहिलं अक्षरच वेगळं. दुसरंही. पुन्हा काढला, पुन्हा तेच. मग तिने फाइलची तारीख पाहिली. गेल्या वर्षीची होती.

"बाबा, तुम्ही या ड्रॉइंगला हात लावला होता?"

"छे! भोक तेवढं सुधारलं. आठ मिलिमीटरचं नऊ केलं. लाकूड फुगतं, खुंटी अडकून बसायची. वस्तू एक आणि कागदावर दुसरंच, ही काय सुताराची रीत झाली?"

"आणि जुनं कुठे ठेवलंत?"

"चुकीचं माप कशाला जपायचं? तूच तर दाखवलंस, सेव्ह कसं करायचं."

तिने नवाचे परत आठ केले. तिसराच ठसा निघाला. ड्रॉइंगचा प्रोग्राम दर वेळी सेव्ह केल्याची वेळ फाइलच्या पोटात लिहून ठेवतो, आणि ती जुनी वेळ आता कुठून आणणार? एवढ्यात ठकी उठली. तिला कडेवर घेऊन एका हाताने तिने जुने मेल उपसले, पेनड्राइव्ह लावून पाहिले. पहिली फाइल होती जुन्या लॅपटॉपवर. बाळ यायचं म्हणून घर आवरताना तो तिनेच पुसून, लख्ख करून देऊन टाकला होता.

"एका मिलिमीटरनं एवढं?" बाबा म्हणाले. "तुझं यंत्र माझ्याहून खडूस आहे की."

तिला हसूही येईना. तिने एपीआयच्या दाराशी पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच उत्तर आलं, तसंच तत्पर, तसंच बरोबर. मंगळवार, अकरा वाजून बारा.

फोन वाजला. "जुळलं ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"नोंद आहे. पण जिची नोंद आहे ती फाइल नाही."

"मग ती अक्षरं कुणाचीही असू शकतात, असंच कंपनीवाले म्हणणार. तेव्हा विकलेल्या खुर्च्यांच्या पावत्या?"

"शेजारीपाजारी दिल्या हो. त्यांना कसल्या पावत्या?"

"बघते काही मुदत मिळते का. पण तोवर बाबांना सांगा, काम बंद ठेवा."

तिने फोन खाली ठेवला. बाबा उंबऱ्यातच उभे होते. ठकीने आजोबांकडे झेप घेतली, तर त्यांनी भुश्शाचे हात मागे घेतले.

"काय म्हणाल्या?"

तिने ठकीचं झबलं सारखं केलं.

"नाही, खाली सहा खुर्च्यांच्या बाजू रंधून तयार आहेत," बाबा म्हणाले. "भोकंच काय ती राहिलीत. पाडू ना? नवाची?"

तिने ठकीला उगीचच दुसऱ्या कडेवर घेतलं. बाबा उभेच राहिले, ती हो म्हणायची वाट बघत.