मामाचे चार कर्णे

"बाई, ह्याचा डायफ्राम आता फक्त संग्रहालयात मिळेल. तिकीट काढून बघायला."

बुधवार पेठेतल्या त्या दुकानदाराने मामाचं युनिट बोटाने माझ्याकडे ढकललं. लाउडस्पीकरच्या कर्ण्यामागे जो जड लोखंडी गोळा असतो, ज्यातून खरा आवाज निघतो, ते युनिट.

"तुमच्याकडे नाही, एवढंच सांगा," मी म्हटलं. "संग्रहालयाचा पत्ता मला ठाऊक आहे."

"अहो, पण नवीन घ्या की. हे दुरुस्त करून ऐकवणार कुणाला?"

"आहे एक जण. त्याला ऐकवल्याशिवाय मरायचं नाही असं ठरवलंय."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि माळ्यावर चढला. धुळीने माखलेला एक खोका घेऊन खाली उतरला. आत चार डायफ्राम होते, आवाजाने थरथरणारे पातळ पडदे, त्याच्या वडिलांच्या वेळचे. "घेऊन जा," म्हणाला, "पण कुणाचा खून वगैरे झाला तर दुकानाचं नाव सांगू नका."

मी शालन. हडपसरला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या जळलेल्या मोटारी आणायच्या, जुनी कॉइल उपसायची, नवी तार भरायची. अख्ख्या हडपसरात हे काम करणारी मी एकटी बाई. ज्याची मोटर जळेल त्याची मी भरून देते. फक्त एका माणसाची नाही. हिंमतरावच्या बोअरची मोटर तीनदा जळली, तिन्ही वेळा त्याने गडी पाठवला आणि तिन्ही वेळा मी समोर चहा पीत बसून सांगितलं, "वेळ नाही." मे महिन्यात त्याच्याकडे टँकर यायचा तेव्हा मी मुद्दाम वाट वाकडी करून बघायला जायचे. पोटात गार वाटायचं. खोटं कशाला बोलू?

कारणही तसंच होतं. तात्याराव हा माझ्या आईचा मोठा भाऊ. चार कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि एक माइक एवढा त्याचा संसार. मामी लवकर गेली, मूलबाळ नाही. वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीला पहाटे उठून बांबूवर कर्णे चढवायचे आणि वंदनेचा आवाज शेवटच्या गल्लीपर्यंत पोचवायचा, हा त्याचा मान. अठरा वर्षं त्याने एक पैसा घेतला नाही.

मी तेरा वर्षांची असताना त्या जयंतीला घात झाला. पाहुण्यांचं भाषण ऐन रंगात आलं होतं, आणि आवाज गेला. अ‍ॅम्प्लिफायरमधून धूर निघाला. मामा कावराबावरा होऊन खटके चालू-बंद करत होता, हात थरथरत होते. तेवढ्यात हिंमतराव स्टेजवर चढला आणि गर्दीला ओरडून म्हणाला, "तात्या पिऊन आलाय! हात बघा त्याचे!"

तासापूर्वी पंचशील घेतलेल्या माणसावर, जयंतीच्या सकाळी, दारूचा आळ. आमच्या वस्तीत याहून मोठी शिवी नाही. मामाने आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. आणि गंमत बघा, पंधरा मिनिटांत हिंमतरावचा नवाकोरा सेट टेम्पोतून उतरला. एवढी तयारी कुणाची असते हो? तेव्हापासून जयंती त्याची. आज तो कमिटीचा अध्यक्ष आहे, मांडव-साउंडचा मोठा धंदा आहे. मामाने कर्णे पत्र्याच्या पेटीत घातले आणि एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. पुढे कधीही जयंतीला तो पुढच्या रांगेत बसला नाही. मागे रसवंतीच्या गाड्याजवळ उभा राहायचा.

"मामा, त्यानेच काहीतरी केलं असणार. तू बोलत का नाहीस?" मी दरवर्षी विचारायचे. तो म्हणायचा, "जाऊ दे गं. मशीन आहे. जळतं."

जानेवारीत मामा गेला. कर्णे माझ्याकडे आले. कमिटीतल्या पोरांनी ठरवलं, यंदा सकाळच्या वंदनेला तात्यारावांचेच कर्णे लावायचे, आणि त्यांच्याबद्दल दोन मिनिटं शालनताई बोलतील. दोन मिनिटं! मी एकतीस वर्षं थांबले होते.

मार्चमध्ये हिंमतराव स्वतः दुकानात आला. सत्तरी गाठलेली, पाय सुजलेले. मोटारींमधून वाट काढत स्टुलावर बसला.

"बोलणार आहेस म्हणे."

"बोलणार आहे."

"जुनं उकरू नको, शालन. तात्या गेला. माणूस गेला की विषय संपतो."

"माणूस गेला, काका. विषय माझ्या दुकानात आहे." मी पेटीकडे बोट दाखवलं. "घाबरलात?"

तो उठला आणि मोटारींमधून वाट काढत निघून गेला. त्या दिवशी मी रात्रीचं जेवण दुप्पट जेवले.

कर्ण्यांना महिना गेला. पोचे आतून लाकडी ठोकणीने हळूहळू काढले. युनिटं उघडली, लोहचुंबकाच्या फटीतला गंज चिकटपट्टी घालून कणाकणाने ओढून काढला. केसाहून बारीक तार भरताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागायचा. एरवी मी मनगटाएवढ्या कॉइली भरते! प्रत्येक वेढ्याबरोबर भाषण पाठ करत होते. मामावरच्या दारूच्या आळाची गोष्ट सांगायची, टेम्पोची सांगायची, आणि शेवटी नाव घ्यायचं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी वायरीला हात घातला. नवी वायर आणता आली असती, पण मला सगळं मामाचंच हवं होतं. पेटीच्या तळाशी वायरीचं एक वेटोळं होतं. अडचणीत मामाने बाकीची सगळी वायर तांब्याच्या भावाने विकली होती, हे एवढंच ठेवलं होतं. त्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर मामाच्या अक्षरात, "वापरू नये." मीटर लावला तर दोन्ही तारा आत कुठेतरी एकमेकींना टेकलेल्या. मी वायर बोटांतून सोडत गेले आणि मध्येच टोचलं.

टाचणी! दुपदरी वायरीत आरपार खुपसलेली टाचणी.

मी दुकानात एकटीच उभी राहून ओरडले. मांडववाल्यांच्या धंद्यात ही जुनी खोड आहे. दुसऱ्याचा साउंड पाडायचा तर वायरीत टाचणी खुपसायची, तारा भिडतात, मशीन जळतं. सापडलास, हिंमतराव! आता नुसतं बोलणार नव्हते. वायर हातात धरून दाखवणार होते. तुझा अध्यक्षपणा, तुझा हार, तुझा फेटा, सगळं त्याच स्टेजवरून खाली उतरवणार होते.

आणखी काही सापडतं का म्हणून वायर पुढे सोडली. दोन हातांवर दुसरी टाचणी. ही एकाच तारेतून गेलेली. आणखी दोन हातांवर तिसरी. मग चौथी. अशा सात निघाल्या, सारख्या अंतरावर. साउंड पाडायला एक टाचणी पुरते, सात कोण लावेल? आणि तेही मोजून?

पाचव्या टाचणीखाली कागदाचा कपटा अडकलेला होता. निळा.

मी स्टुलावर बसले.

पताका. त्या वर्षी पताका करायचं काम आम्हा पोरींकडे होतं. सुतळीवर चिकटवून झाल्या, खळ संपली आणि माझ्या हातात सात पताका उरल्या. बांबूपासून बांबूपर्यंत मामाची वायर गेली होती, उघडी, ओकीबोकी. मला वाटलं, मामाच्या वायरीलाही जयंतीची शोभा हवी. आईच्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या आणल्या. शिडीवर चढून मी एकटीने, अगदी सारख्या अंतरावर टोचल्या, आणि पुढे साफ विसरून गेले. वाऱ्याने कागद हलत राहिले असणार आणि टाचणी सरकत सरकत भाषणाच्या मध्यावर दुसऱ्या तारेला टेकली असणार.

तशीच घरी गेले. आई भाजी निवडत होती.

"आई, त्या जयंतीला मामा तुला काही म्हणाला होता का? मशीन जळलं तेव्हा?"

"काय म्हणणार? बोललाच न्हाई." तिने देठं बाजूला सारली. "दुपारी आला फकस्त. म्हणला, विमल, टाचण्यांचा डबा उंच ठेव, पोरीच्या हाताला लागू देऊ नको. म्या म्हणलं, आता काय लहान हाय व्हय ती? तर म्हणला, ठेव म्हणतो ना. आन् बसला तिथंच, पाणी पिला आन् गेला."

म्हणजे त्याला त्याच दुपारी कळलं होतं. तोंड उघडलं असतं तर तो सुटला असता. 'पोरीने टाचण्या लावल्या' एवढंच सांगायचं होतं. मग वस्तीने तेरा वर्षांच्या पोरीला धरलं असतं, आणि त्याला ते नको होतं. माझ्यासाठी हा माणूस दारुडा ठरला, आणि मी दरवर्षी त्यालाच विचारत राहिले, तू बोलत का नाहीस म्हणून! रडू येईना. स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

आणि तरीही, खरं सांगते, राग उतरला नाही. चौदा एप्रिलला सकाळी मी काय केलं? टाचणी आरपार गेलेला वायरीचा तेवढाच तुकडा कापला आणि पर्समध्ये टाकला. उरलेल्या सहा टाचण्या दुकानात राहिल्या. सहा कुणाला दिसणारच नव्हत्या. एकच दाखवायची आणि हिंमतरावकडे बघायचं. अख्ख्या वस्तीचा विश्वास बसला असता.

नव्या वायरीवर कर्णे चढवले. आवाज असा लागला की लांबच्या पाण्याच्या टाकीजवळून एक म्हातारा विचारत आला, "तात्या आला काय?" आमच्याकडे वंदना अध्यक्षाने सांगायची पद्धत आहे. हिंमतराव माइकपुढे उभा राहिला, पांढरे कपडे, गळ्यात हार. तो एकेक शील म्हणत होता, आम्ही मागून म्हणत होतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना तो अडखळला. आणि मी तर ते म्हटलंच नाही. शेजारी आई खणखणीत म्हणत होती. पर्स माझ्या मांडीवर होती.

माझं नाव पुकारलं. मी वर गेले आणि माइक हातात घेतला. पाठ केलेलं सगळं भाषण तोंडाशी होतं.

"त्या जयंतीला मामाचं मशीन जळलं," मी म्हटलं, "ते माझ्यामुळे." वायरीचा तुकडा वर धरला. "ही टाचणी माझी. शोभेसाठी मी मामाच्या वायरीला पताका टोचल्या होत्या. मामाला त्याच दिवशी कळलं होतं. मला आत्ता कळलं. कुणाला कधी मोटर बिघडली म्हणून दुसऱ्यावर आळ घ्यायचा असेल तर आधी माझं तोंड आठवा."

आई माझ्याकडे बघत होती, तोंडावर पदर धरून.

"माझं मी सांगितलं," मी म्हटलं. "पण टाचणीने दारूचा वास येत नाही. दारूचं कोण बोललं होतं ते तुम्ही सांगा, काका."

आणि माइक हिंमतरावपुढे धरला. एकतीस वर्षांचा सगळा जाळ माझ्या हातात आला होता. त्याला नको म्हणता येईना, अख्खी वस्ती बघत होती. त्याने माइक घेतला आणि तोंडापासून लांब, पोटाशी धरला. पण कर्णे मी भरले होते. त्याचा श्वाससुद्धा शेवटच्या गल्लीपर्यंत गेला.

"तात्या प्यायला नव्हता," तो पुटपुटला. "मला माहीत होतं. मला जयंती पायजे होती. सेट घेऊन वाटच बघत होतो."

पुढच्या रांगेतली दोन-तीन म्हातारी माणसं खाली मान घालून बसली. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी तीही मामावर हसली होती. हिंमतरावने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि माइक माझ्याकडे दिला.

"आता मिटलं ना, पोरी?"

"तुमचं मिटलं," मी म्हटलं.

माइक सुरूच होता. तेही सगळ्यांनी ऐकलं.

कार्यक्रम संपल्यावर पोरं शिडी घेऊन आली. मी त्यांना बाजूला केलं. ऊन चढलं होतं, कर्ण्यांचा पत्रा तापला होता. एकेक कर्णा सोडवून मी छातीशी धरून खाली आणला, चार वेळा वर, चार वेळा खाली. शिडी मात्र आईने धरली होती.